टायर कंपनीची तीन अक्षरं

एमआरएफ म्हणजे मद्रास रबर फॅक्टरी. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस ज्या पोरांनी आपल्या बॅटवर लाल स्केचपेनने ही तीन अक्षरं काढली, त्यांतल्या बहुतेकांना याचा पत्ता नव्हता. कित्येकांच्या घरी सायकलीपलीकडे वाहन नव्हतं. वाहनाच्या एका सुट्या भागाला असा भक्तवर्ग लाभावा, जो तो भाग कधी विकतही घेणार नाही, ही गोष्ट मला कंपनीच्या ताळेबंदापेक्षा अभ्यासण्याजोगी वाटते.

मूळ कथा त्रावणकोरची. ‘मलयाळ मनोरमा’चे संपादक के. सी. मम्मन माप्पिळ्ळै यांचं संस्थानचे दिवाण सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्याशी वाकडं होतं. 1938 मध्ये त्यांची बँक बुडाली, वृत्तपत्राला टाळं लागलं आणि पुढे संपादक तुरुंगात गेले. त्यांचा मुलगा के. एम. मम्मन माप्पिळ्ळै मद्रासला शिकला आणि 1946 मध्ये तिरुवोट्टियूरच्या एका शेडमध्ये फुगे बनवू लागला. होय, पोरांचे खेळायचे फुगे. 1952 मध्ये तो ट्रेड रबरकडे वळला. टायर झिजला की सांगाडा तसाच ठेवून वर जो नवा थर चढवतात, तो. आपले ट्रकवाले त्या कामाला रिमोल्ड म्हणतात. तो धंदा तेव्हा परदेशी कंपन्यांच्या हातात होता. त्यात पाय रोवल्यावर 1961 मध्ये अमेरिकेतल्या मॅन्सफील्ड कंपनीच्या साह्याने टायर आले, आणि 1967 मध्ये ते अमेरिकेलाच निर्यात झाले.

टायर दिसायला सगळे सारखेच, काळे नि गोल. ओळख द्यायची कशी? मुंबईच्या एलिक पदमसींनी 1964 मध्ये टायर उचलून धरलेला पिळदार देहाचा ‘मसलमॅन’ दिला. ट्रकचालकाला टायर दणकट हवा असतो, एवढं साधं गणित त्यामागे होतं.

क्रिकेटकडे कंपनी वळली ती गोलंदाजीच्या वाटेने. 1987 मध्ये डेनिस लिलीच्या देखरेखीखाली एमआरएफ पेस फाउंडेशन सुरू झालं. तिथे वेगवान गोलंदाज व्हायला गेलेल्या सचिन तेंडुलकरला लिलीने फलंदाजीकडे लक्ष दे, असं सांगितलं, ही कथा चावून चोथा झाली आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती 1996 च्या विश्वचषकातली कोरी बॅट. सिगारेट कंपन्यांची नावं तेव्हा बॅटींवर सर्रास दिसत. तंबाखूची जाहिरात करणार नाही, असा शब्द सचिनने वडिलांना, म्हणजे आपल्या कवी-प्राध्यापक रमेश तेंडुलकरांना, दिला होता. त्या स्पर्धेत सर्वाधिक 523 धावा निघाल्या त्या या बिननावाच्या बॅटमधून. टायर कंपनीची अक्षरं त्या मोकळ्या जागेवर नंतर आली. एका मराठी घरातल्या शब्दामुळे ती जागा रिकामी राहिली होती, हे कंपनीच्या यशोगाथा सांगणारे सहसा सांगत नाहीत.

मग एप्रिल 1998, शारजा. 22 तारखेला 143, 24 तारखेला, पंचविसाव्या वाढदिवशी, 134. त्यानंतर गल्लोगल्ली लाल अक्षरं उगवली. लारा आणि स्टीव्ह वॉ यांच्याही बॅटवर हेच नाव होतं. पुढे कोहलीच्या बॅटवर आलं. पण आपल्याकडच्या पोरांना हे नाव कळलं ते सचिनमुळे.

या चाहत्यांचा इतिहास कुठल्या दप्तरात नाही. तो लाकडावर आहे, आणि ते लाकूड बंबात जातं. म्हणून गेली काही वर्षं मी हाताने अक्षरं काढलेल्या बॅटी जमवतो. आतापर्यंत अकरा मिळाल्या. रद्दीवाल्यांनी मला वेड्यात काढलं, पण बॅटी बाजूला काढून ठेवल्या. दोन बॅटींवर अक्षरं कर्कटकाच्या टोकाने कोरलेली आहेत. एकीवर देवनागरीत ‘एम आर एफ’ लिहिलंय. एक बॅट मुळात कपडे धुण्याचं धोपाटणं असावी, मूठ तासून बारीक केलेली. आणखी एकीवर निळ्या शाईत मसलमॅन आहे. दंड अगदी मूळ चित्रासारखे. फक्त त्याच्या डोक्यावर टायरऐवजी बॅट आहे.