अंगणातून तासिकेकडे : बोर्डी-कोसबाडच्या प्रयोगाचे पुनर्वाचन

'जीवनकौशल्ये' हा शब्द आता शाळांच्या वेळापत्रकात स्थिरावला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात या कौशल्यांची दहा कलमी यादी मांडली : स्वतःची ओळख, समानुभूती, चिकित्सक विचार, सर्जक विचार, निर्णय घेणे, समस्या सोडविणे, परिणामकारक संवाद, परस्परसंबंध, भावनांना सामोरे जाणे आणि ताणतणावांना सामोरे जाणे. पुढे या यादीच्या आधाराने पाठ्यक्रम आखले गेले, शिक्षकांची प्रशिक्षणे झाली, उपक्रमांच्या पुस्तिका निघाल्या. दिल्लीच्या सरकारी शाळांत जुलै २०१८ मध्ये आनंदाचा एक स्वतंत्र तासच सुरू झाला आणि सजगता, गोष्ट, कृती व अभिव्यक्ती अशी त्याची चार अंगे ठरविण्यात आली.

मुलाला शाळेत बरे वाटावे, त्याने जगायला शिकावे, या इच्छेशी कोणाचे भांडण असण्याचे कारण नाही. आमचे तर नाहीच. परंतु ही इच्छा आपल्याकडे कालपरवा जन्मली असे जे गृहीत धरले जाते, ते तपासून पाहण्याजोगे आहे. त्याचबरोबर 'हे सारे आमच्याकडे पूर्वीपासूनच होते' अशी शेखी मिरविण्यातही आम्हांला रस नाही. होते ते नेमके काय होते, ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून निर्माण झाले, आणि त्यातले काय आपल्यापर्यंत पोहोचले व काय वाटेत गळाले, एवढेच येथे पाहावयाचे आहे. त्यासाठी आम्ही ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकावरचा (२०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यात मोडतो) एक प्रयोग निवडला आहे : ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे बोर्डी व कोसबाड येथील काम.

या प्रयोगाचे मूळ मात्र सौराष्ट्रात, भावनगरला आहे. वकिली सोडून शिक्षणात आलेल्या गिजुभाई बधेकांनी तेथील दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये बालमंदिर काढले. ताराबाई राजकोटची नोकरी सोडून त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. मारिया मॉंतेसोरी भारतात प्रथम आल्या त्या १९३९ मध्ये. त्याच्या बऱ्याच आधी त्यांची पद्धती गुजराती व मराठी मुलांच्या हातांत पोहोचली होती, ती या मंडळींमुळे.

गिजुभाईंचे 'दिवास्वप्न' हे छोटेखानी पुस्तक आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी वाचले असेल. एक शिक्षक अधिकाऱ्याची परवानगी काढतो, चौथीचा वर्ग वर्षभरासाठी मागून घेतो आणि त्यावर प्रयोग करतो, असे त्याचे कथासूत्र. त्यातला पहिला दिवस ध्यानात ठेवण्यासारखा आहे. शिक्षक मॉंतेसोरीचा 'शांततेचा खेळ' घेऊन वर्गात शिरतो. सर्वांनी डोळे मिटून निश्चल बसावे, कानांवर येणारे बारीक आवाज टिपावे, अशी त्याची कल्पना. मुले मात्र ओरडतात, चाळे करतात, खिदळतात आणि खेळाचा पार फज्जा उडतो. तो मुलांना सुट्टी देऊन टाकतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो, आणि जी शांतता आज्ञेने आली नव्हती ती गोष्टीच्या मागोमाग आपसूक येते.

या प्रसंगाकडे केवळ एक गंमत म्हणून पाहू नये, असे आम्हांला वाटते. खेळ चांगला होता; तो ज्या वर्गासाठी योजला होता तो वर्ग मात्र समोर नव्हता. समोर होती ती छडीच्या धाकात वाढलेली, शिक्षक जरा सैल पडला की उधळणारी मुले. त्यांना आधी काय हवे आहे, हे त्या शिक्षकाला पहिल्या दिवसाच्या फजितीतून कळले. कोणताही उपक्रम स्वतःच्या गुणांवर चांगला किंवा वाईट ठरत नाही, तो कोणत्या मुलापुढे ठेवला आहे यावर ठरतो, हा गिजुभाईंचा धडा आहे. आज शंभर शाळांत एकाच मिनिटाला मिटवले जाणारे डोळे पाहिले की या धड्याची आठवण होते.

ताराबाईंनी हा धडा फार गंभीरपणे घेतला. दादरला १९३६ मध्ये सुरू झालेल्या शिशुविहारात मध्यमवर्गीय मुलांसाठी त्यांचे काम उत्तम चालले होते. तरीही १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या. त्याच वर्षी त्यांची गाठ पडलेल्या अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. अनुताई मूळच्या मोरगावच्या. लहानपणीच वैधव्य आलेले, पुण्यात शिक्षिकेची नोकरी झालेली आणि वय पस्तीस. वर्षअखेरीस बोर्डीत बालवाडी सुरू झाली.

येथे एक अडचण आली, आणि आमच्या मते साऱ्या प्रयोगाचे मर्म त्या अडचणीत आहे. गावातली मुले बालवाडीत येत. बाहेरच्या पाड्यांवरची वारली मुले येत नसत. ती का येत नाहीत, याची उत्तरे नेहमीच तयार असतात : पालक अडाणी आहेत, मुलांना गोडी नाही, त्यांच्यात शिक्षणाची परंपरा नाही. ताराबाई-अनुताईंनी ही उत्तरे बाजूला ठेवून पाड्यांवर जाऊन पाहिले. मुले घरी होती, कारण घरी धाकटी भावंडे होती. मुले रानात होती, कारण गुरे रानात होती. काही मुले घाबरत होती, कारण पांढरपेशा माणूस पाड्यावर आला की त्यापाठोपाठ काही चांगले येत नाही, हा त्यांच्या घरांचा अनुभव होता.

मग मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे ठरले. पाड्यावरच्या एखाद्या अंगणात, मुलांना सोयीच्या वेळी, वर्ग भरू लागला. ही अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात गेला. ही कुरणशाळा. आणि धाकट्याला कडेवर घेऊन हिंडणाऱ्या थोरल्या बहिणीसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आली. ही विकासवाडी. या तीन शब्दांकडे नीट पाहिले तर ध्यानात येईल की प्रत्येक शब्द म्हणजे 'हे मूल का येत नाही' या प्रश्नाचे एक उत्तर आहे.

उपक्रमांचेही तसेच. मॉंतेसोरीची साधने सुबक, मापात बसविलेली आणि महाग. त्यांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पाने, माती, बांबू आले. मोजायचे, वर्गवारी लावायची, रंग व स्पर्श ओळखायचे, ते यांवरच. पैसा नव्हता हे एक कारण झाले. पण त्याहून मोठे कारण असे की या वस्तू मुलाच्या ओळखीच्या होत्या. ज्या रानाविषयी शिक्षकापेक्षा मुलालाच अधिक कळते, त्या रानातून अभ्यास सुरू झाला की पहिल्याच दिवशी मूल वर्गात अडाणी ठरत नाही. आजच्या परिभाषेत ज्याला आत्मविश्वास म्हणतात तो येथे स्वतंत्रपणे शिकवावा लागत नव्हता.

तरीही या प्रयोगाचे निव्वळ गुणगान करून थांबणे आम्हांला पटत नाही. या बालवाडीच्या कार्यक्रमात स्वच्छतेला मोठे स्थान होते : आंघोळ, केस विंचरणे, नखे कापणे. खरूज आणि उवांनी बेजार झालेल्या मुलाला कोमट पाणी, साबण आणि मायेचा हात मिळणे हे खरेखुरे सुख होते. मुलाच्या स्वास्थ्याची सुरुवात शरीरापासून होते हे त्यातून मान्य केले गेले. पण 'स्वच्छ मूल म्हणजे चांगले मूल' या समीकरणात शहरी, वरच्या जातींच्या घरांची नजरही मिसळलेली असते. मुलाला धुवून काढताना त्याचे घर 'घाणेरडे' ठरण्याचा धोका असतो. त्याला प्रमाण मराठी गाणी शिकवताना त्याची वारली बोली मुकी होण्याचा धोका असतो. अंगणात जाऊन वर्ग भरविल्याने हा धोका कमी झाला, कारण तेथे शिक्षक पाहुणा होता आणि मुलाची आई समोर बसलेली होती. तो पुरता नाहीसा झाला असे मात्र म्हणता येणार नाही.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. ज्या वर्षी बोर्डीत बालवाडी निघाली त्याच वर्षी, त्याच मुलखात, वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला होता. मे १९४५ मध्ये झरी येथे त्यांची परिषद भरली. ऑक्टोबरात तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा लढा सांगितला आहे, आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाल्यामुळे तो मराठी वाचकांना बऱ्यापैकी परिचित आहे. लग्नासाठी घेतलेल्या चार पैशांपायी जन्मभर सावकाराघरी राबणारा लग्नगडी त्या पुस्तकातून मराठी साहित्यात आला. बालवाडीत येणारी, किंवा न येणारी, मुले अशाच घरांतली.

मराठीत या दोन कहाण्या सहसा वेगवेगळ्या कपाटांत ठेवल्या जातात : एक शिक्षणाच्या, दुसरी चळवळीच्या. त्या शेजारी ठेवून वाचल्या तर दोन्हींत 'भीती' हा समान धागा दिसतो. परुळेकरांच्या वारल्याला जमीनदारासमोर ताठ उभे राहता येत नाही. बालवाडीतल्या मुलाला परक्या माणसासमोर तोंड उघडता येत नाही. बापाची भीती लाल बावट्याखाली मोडली, मुलाची भीती अंगणात मोडायची होती. बाप वेठीला जुंपलेला असताना मुलाला केवळ गाणी शिकवून त्याचे 'कल्याण' होईल असे मानणे भाबडेपणाचे ठरले असते. उलट, वेठ संपल्यावर मुलाला अक्षर कोण देणार, हा प्रश्न लढ्यालाही टळणारा नव्हता. दोन्ही कामांच्या वाटा वेगळ्या होत्या, राजकारण वेगळे होते. पण एकावाचून दुसरे अपुरे होते, एवढे आज तरी म्हणता येईल. ज्या पुस्तिकेत मुलाला 'ताणतणावांना सामोरे जाणे' शिकविले जाते, पण ताण कोणी निर्माण केला हे विचारले जात नाही, ती पुस्तिका या इतिहासापुढे फिकी पडते.

पुढे १९५० च्या दशकात संस्था बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले आणि १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले. पाड्यावरच्या अंगणातला शब्द साऱ्या देशाचा झाला. अनुताईंनी हा विस्तार पाहिला. १९९२ मध्ये त्या गेल्या.

शब्द पोहोचला, पण त्याच्यामागचा प्रश्न पोहोचला का? योजनेच्या सहा सेवांत पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, आरोग्य व आहारशिक्षण यांच्याबरोबर शालापूर्व शिक्षणही आहे. भुकेल्या मुलाला आधी अन्न, हे कोसबाडच्या विचारात पूर्ण बसते. मात्र एकाच सेविकेवर आहार, वजने, नोंदवह्या, सर्वेक्षणे आणि गृहभेटी हे सारे सोपविले, आणि तिला पगाराऐवजी मानधनावर ठेवले, की शिंपले आणि बिया घेऊन मुलांत बसायला तिला सवड कोठून मिळणार? मुलाचे स्वास्थ्य शिकविणाऱ्या बाईच्या स्वास्थ्याचा विचार कोणत्या तासिकेत करावा, हे कोणत्याही पाठ्यक्रमात लिहिलेले नसते.

आणखी एक विसंगती नोंदवून हे लेखन आवरते घेतो. वारली घरांत लग्नाच्या वेळी बायका भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. १९७० च्या दशकात ही चित्रे कागदावर आली, डहाणू परिसरातले जिव्या सोमा म्हसे जगभर ओळखले गेले, आणि आज महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत सर्जनशील उपक्रम म्हणून मुले गेरूच्या रंगावर पांढरी त्रिकोणी माणसे काढतात. यात गैर काही नाही. पण या चित्रांतली माणसे ज्या पाड्यावर राहतात तेथले मूल आज शाळेत का येत नाही, किंवा येऊन गप्प का बसते, हा प्रश्न त्या चित्रकलेच्या तासाला कोणी विचारत नाही. बोर्डीचे काम सुरू झाले होते ते नेमके या प्रश्नापासून. उपक्रम नंतर सुचले, आणि गरजेप्रमाणे बदलत गेले.

म्हणून आमची सूचना साधी आहे. जीवनकौशल्यांच्या पुस्तिका जरूर असाव्यात. पण त्यांचे पहिले पान कोरे सोडावे. आपल्या वर्गात आज कोणते मूल आलेले नाही आणि का, हे शिक्षकाने त्यावर लिहावे. पुढचे उपक्रम त्या उत्तरातून ठरू द्यावेत.