रोमन प्रजासत्ताकाचे साम्राज्यात रूपांतर

रोमन प्रजासत्ताकाचे साम्राज्यात रूपांतर ही इ.स.पू. १३३ ते इ.स.पू. २७ या सुमारे शंभर वर्षांत प्राचीन रोममध्ये घडलेली राजकीय प्रक्रिया होय. या काळात निर्वाचित अधिकाऱ्यांमध्ये विभागलेली सत्ता एका व्यक्तीच्या हाती एकवटली. प्रजासत्ताक मात्र कोणत्याही कायद्याने रद्द झाले नाही. सिनेट, कॉन्सल, ट्रिब्यून ही पदे व नावे पुढेही टिकून राहिली.

प्रजासत्ताकाची रचना

परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये अखेरच्या राजाला हाकलून रोमनांनी प्रजासत्ताक स्थापिले. दरवर्षी दोन कॉन्सल निवडले जात व त्यांना परस्परांचे निर्णय रोखता येत. सामान्य नागरिकांच्या रक्षणासाठी नेमलेल्या ट्रिब्यूनांना नकाराधिकार असे आणि त्यांना इजा करणे हे पाप मानले जाई. संकटकाळी डिक्टेटर नेमला जाई. परंतु त्याची मुदत सहा महिन्यांहून अधिक नसे. मर्यादित मुदत आणि तुल्यबळ सहकारी हे सत्तेवरील दोन प्रमुख अंकुश होते.

ऱ्हासाची कारणे

इ.स.पू. १४६ मध्ये कार्थेजचा विनाश झाल्यावर रोमची सत्ता भूमध्य समुद्राभोवती पसरली. जिंकलेल्या प्रदेशांतील संपत्ती व गुलाम श्रीमंतांकडे आले, तर अनेक लहान शेतकरी भूमिहीन झाले. सार्वजनिक जमिनीच्या फेरवाटपाचा कायदा करणारा ट्रिब्यून टायबेरियस ग्रॅकस इ.स.पू. १३३ मध्ये मारला गेला. इ.स.पू. १२१ मध्ये त्याचा धाकटा भाऊ गायस याचाही अंत झाला. राजकीय वाद रक्तपाताने मिटविण्याचा पायंडा येथून पडला.

इ.स.पू. १०७ मध्ये मॅरियसने मालमत्ता नसलेल्या नागरिकांना सैन्यात घेतले. निवृत्तीनंतर जमीन मिळण्यासाठी असे सैनिक आपल्या सेनापतीवर अवलंबून राहत. त्यामुळे त्यांची निष्ठा राज्यापेक्षा सेनापतीकडे वळली. इ.स.पू. ८८ मध्ये सुलाने आपले सैन्य थेट रोमवर नेले. पुढे तो मुदतीचे बंधन नसलेला डिक्टेटर झाला. त्याने स्वेच्छेने सत्ता सोडली, तरी सत्ता मिळविण्याचा त्याचा मार्ग इतरांच्या स्मरणात राहिला.

सीझरचा उदय व अंत

इ.स.पू. ६० मध्ये पॉम्पी, क्रॅसस आणि ज्युलियस सीझर यांनी आपसांत राजकीय युती केली. क्रॅससच्या मृत्यूनंतर उरलेल्या दोघांत वितुष्ट आले. सैन्य सोडण्याचा सिनेटचा आदेश झुगारून सीझरने इ.स.पू. ४९ मध्ये रुबिकॉन नदी ओलांडली व यादवी युद्धास तोंड फुटले. विजयानंतर इ.स.पू. ४४ मध्ये तो आजीव डिक्टेटर झाला. त्याच वर्षी १५ मार्च रोजी ब्रूटस, कॅसियस आदी सिनेट-सदस्यांनी त्याची हत्या केली. तथापि, सीझरच्या मृत्यूने प्रजासत्ताक सावरले नाही; सैन्ये त्याच्या वारसदारांमागे गेली.

ऑगस्टसची व्यवस्था

सीझरचा दत्तक पुत्र ऑक्टेव्हियन याने इ.स.पू. ३१ मध्ये ॲक्टियमच्या आरमारी लढाईत मार्क अँटनी व क्लिओपात्रा यांचा पराभव केला. जानेवारी इ.स.पू. २७ मध्ये त्याने आपले विशेषाधिकार सिनेटला परत केल्याचे जाहीर केले. सिनेटने त्याला ‘ऑगस्टस’ हा किताब दिला आणि बहुतेक सैन्य तैनात असलेले प्रांतही त्याच्याच हवाली केले. इ.स.पू. २३ मध्ये कॉन्सलपद सोडून त्याने ट्रिब्यूनचे अधिकार आजीव स्वीकारले. ते पद मात्र घेतले नाही. अशा रीतीने अधिकार पदापासून व पदाच्या मुदतीपासून वेगळे झाले. सत्ताधाऱ्यांना रोखण्यासाठी निर्माण झालेला नकाराधिकार आता सत्ताधीशाच्याच हाती आला. राजा किंवा डिक्टेटर ही पदवी त्याने टाळली आणि ‘प्रिन्सेप्स’, म्हणजे प्रथम नागरिक, एवढेच बिरुद वापरले.

परिणाम

दीर्घ यादवीनंतर शांतता लाभल्याने या व्यवस्थेला फारसा विरोध झाला नाही. इ.स. १४ मध्ये ऑगस्टसच्या मृत्यूनंतर त्याचे अधिकार दत्तक पुत्र टायबेरियसकडे गेले. त्याच वर्षी अधिकाऱ्यांची निवड नागरिकांच्या सभांकडून सिनेटकडे सोपविण्यात आली. प्रजासत्ताक प्रत्यक्षात पाहिलेले लोक तोवर थोडेच उरले होते, असे इतिहासकार टॅसिटसने नमूद केले आहे.