थॅलेसेमिया असलेल्या स्त्रियांमधील संप्रेरके व अस्थिआरोग्य

थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिनच्या निर्मितीत बिघाड करणारा आनुवंशिक रक्तविकार आहे. त्याच्या 'बीटा थॅलेसेमिया मेजर' या तीव्र प्रकारात बालपणापासून साधारणतः दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. या विकारासह वाढणाऱ्या मुलींमध्ये इस्ट्रोजेन या संप्रेरकाची कमतरता व हाडांचा ठिसूळपणा ही परस्परांशी निगडित गुंतागुंत आढळते.

कारणे

रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते. शरीर मात्र दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह बाहेर टाकू शकते. उरलेले लोह यकृत, हृदय व अंतःस्रावी ग्रंथींमध्ये साचते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला त्यामुळे इजा झाल्यास अंडाशयांना चालना देणारी संप्रेरके कमी पडतात आणि इस्ट्रोजेन पुरेसे तयार होत नाही. परिणामी पाळी येत नाही किंवा आलेली पाळी थांबते. इस्ट्रोजेन हाडांची झीज रोखत असल्याने त्याच्या अभावी हाडांची घनता घटते. अस्थिमज्जेची अतिवाढ, ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि पॅराथायरॉइड ग्रंथीतील बिघाड यांमुळे हाडे अधिक दुर्बल होतात.

निदान

तेराव्या वर्षापर्यंत स्तनांची वाढ सुरू न झाल्यास किंवा सोळाव्या वर्षापर्यंत पाळी न आल्यास संप्रेरकांची तपासणी आवश्यक ठरते. पाळीचा विषय संकोचाने टाळला गेला, किंवा विलंबाचे कारण केवळ अशक्तपणा मानले गेले, तर हाडे घडण्याची महत्त्वाची वर्षे वाया जातात. हाडांची घनता 'डेक्सा' तपासणीने मोजतात.

उपचार

डेफेरॉक्सामिन, डेफेरिप्रोन व डेफेरासिरॉक्स ही औषधे शरीरातील अतिरिक्त लोह बाहेर काढतात. इस्ट्रोजेन अल्प मात्रेपासून सुरू करून हळूहळू वाढवतात व पुढे प्रोजेस्टेरॉनची जोड देतात. प्लीहा काढलेल्या रुग्णांमध्ये रक्ताच्या गुठळ्यांचा धोका अधिक असल्याने हे उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होतात. ड जीवनसत्त्व, आहारातील कॅल्शियम, व्यायाम आणि गरजेनुसार बिसफॉस्फोनेट औषधे यांचाही उपयोग होतो. अंडाशय अनेकदा कार्यक्षम असल्याने पाळी नसतानाही संप्रेरकांच्या इंजेक्शनांनी गर्भधारणा शक्य होते. तत्पूर्वी हृदय व यकृताची तपासणी करून औषधांत बदल करावा लागतो.

महाराष्ट्र व मराठवाडा

सिंधी, लोहाणा, कच्छी व पंजाबी समाजांत थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण तुलनेने अधिक आहे. तथापि हा विकार कोणत्याही समाजात आढळू शकतो. छत्रपती संभाजीनगर येथील १९५६ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय 'घाटी' या नावाने ओळखले जाते. मराठवाड्याच्या अन्य जिल्ह्यांतूनही तेथे रुग्ण येतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये थॅलेसेमियाचा समावेश आहे.

प्रतिबंध

पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्याला तीव्र थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते. विवाहापूर्वी किंवा गर्भारपणाच्या आरंभी केलेल्या 'एचबीए-२' या रक्ततपासणीतून वाहकत्व समजते. दरवर्षी ८ मे हा जागतिक थॅलेसेमिया दिन म्हणून पाळला जातो.