वाकळीचा हिशोब



आज इतिहासावर बोलायचं आहे. इतिहास म्हटलं की आपल्याला औशाचा किल्ला आठवतो, उदगीरची लढाई आठवते. त्या लढाईचं साल १७६०, ते आपण शाळेत पाठ केलं. पण आपल्याच घरात फळीवर घडी घालून ठेवलेली वाकळ कुणी शिवली, कोणत्या साली शिवली, कोणाच्या लुगड्याची शिवली, असं विचारलं तर घरातल्या एखाद्या आजीशिवाय कुणालाच सांगता येत नाही. ती आजी गेली की ते सालही गेलं. म्हणून आज वाकळीचा इतिहास.

कुणी वाकळ म्हणतं, कुणी गोधडी, कुणी लेपडं. लेकराची असेल तर दुपटं. नाव काहीही असो, रीत सारखीच. सारवलेल्या जमिनीवर खाली एक बऱ्यापैकी धड लुगडं पसरायचं. त्यावर जुनेराचे थर लावायचे. वर दुसरं धड लुगडं. चारी कोपऱ्यांवर दगड नाही तर तांबे ठेवायचे, मोठे टाके टाचून घ्यायचे, आणि मग काठापासून धावदोरा घालत आत आत यायचं. ओळीला ओळ लागून. ज्या बाईचा दोरा सरळ, तिचं गावात नाव.

आता हे कापड यायचं कुठून? आपल्या आज्या-पणज्यांना वर्षाला एखाद-दोन लुगडी मिळायची. आपल्याकडे चाल होती इरकलीची. इरकल हे गाव आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहे, पण तिथलं लुगडं लातूर-नांदेडच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या नेसलं. नऊवार लुगडं मधे विरायचं, तेव्हा विरलेला भाग काढून दोन्ही धड टोकं जोडायची. त्याला म्हणायचं दंड घालणं. दंडाचं लुगडं आणखी वर्षभर चालायचं. पुढे तेही विरलं की त्याची लेकराला झोळी व्हायची, डोक्यावरच्या घागरीखाली चुंबळ व्हायची, बाळंतिणीच्या खोलीत मऊ फडकी व्हायची. उरलेलं वाकळीत जायचं. आणि वाकळ फाटली की तिचं पोतेरं. म्हणजे एका लुगड्याला पाच-सहा जन्म. कापडातला एक वीतही आपल्या बायकांनी वाया घालवला नाही.

इथे एक गोष्ट नीट बघा. गावात सुई दोघांच्या हातात होती. एक शिंप्याच्या, दुसरी घरातल्या बाईच्या. शिंप्याची सुई मानाची. आपल्या मराठवाड्याचे संत नामदेव शिंपी घराण्यातले, नर्सी हे त्यांचं गाव मानलं जातं. शिंपी नवं कापड शिवायचा, त्याला शिलाई मिळायची, धान्यात नाही तर पैशात. बाई जुनं कापड शिवायची. तिला शिलाई नाही. तिच्या कामाला आपण म्हणत आलो, "दुपारी बसल्या बसल्या केलं." पुढे शिवणयंत्र आलं. सिंगरने अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं १८५१ साली. आपल्या देशात १९३०च्या दशकात कलकत्त्याला उषा कंपनीची यंत्रं निघाली. खेड्यात ती आधी शिंप्याच्याच दुकानात आली. बाईच्या हातात सुईदोराच राहिला.

पैसा नव्हता, पण देवाणघेवाण होती. शेतात आपण सावड करतो ना, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात, तशी वाकळीचीही सावड असायची. सुगी संपली, रानातली कामं थंडावली, उन्हाळा लागला की दुपारी चौघीजणी एकीच्या ओसरीवर बसायच्या. चार कोपऱ्यांना चौघी. एकीची झाली की दुसरीची. पोरी शेजारी बसून सुईत दोरा ओवून द्यायच्या आणि बघता बघता शिकायच्या. लेक बाळंतपणाला माहेरी आली की बाळंतविडा तयार व्हायचा. कुंची, टोपडं, झबलं आणि दुपटं. बारशाला शेजारणीही हातचं काहीतरी घेऊन यायच्या. ही देवाणघेवाण कुठल्या वहीत नाही, पण प्रत्येकीला ती तोंडपाठ होती. कुणी आपल्याला काय दिलं, ते बाई विसरत नाही.

आता थोडं सालावार बघू.

आपला भाग निजामाच्या राज्यात होता. १९११ साली बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत आली आणि लातूरची पेठ वाढली. नांदेडला निजामाच्या काळातच उस्मानशाही मिल उभी राहिली. मिलचं कापड आणि मिलचा दोरा पेठेतून खेड्यात येऊ लागला. जुन्या वाकळी उलगडून बघितल्या तर एकाच वाकळीत हातमागाचं जाड लुगडं आणि मिलचं पातळ शेजारी शेजारी दिसतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देशभर कापडाची टंचाई झाली, कापडावर सरकारी नियंत्रण आलं. अशा वेळी जुनेराला किती किंमत आली असेल, ते सांगायला नको.

मग रझाकारांचा काळ. १७ सप्टेंबर १९४८ला आपण मुक्त झालो. पण त्याआधी सरहद्दीजवळच्या गावांतली कितीतरी घरं रातोरात सोलापूर, बार्शीकडे निघून गेली होती. घर सोडून निघताना बाईला गाठोडं बांधायला काय लागतं? वाकळच. तीच गाठोडं, तीच अंथरूण, तीच पांघरूण.

१९७२चा दुष्काळ तुमच्यातल्या साठी-सत्तरी ओलांडलेल्यांनी बघितला आहे. त्या वेळी महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर एका टप्प्याला सुमारे ५० लाख माणसं राबत होती. बायकांनी खडी फोडली, मातीच्या पाट्या वाहिल्या. पाटीखाली चुंबळ जुन्या लुगड्याची, झाडाला बांधलेली लेकराची झोळीही जुन्या लुगड्याची. त्या कामाची मजुरी मिळाली, त्याचे हजेरीपट भरले गेले. पुढे १९७७मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. म्हणजे बाईने फोडलेली खडी सरकारदरबारी मोजली गेली. रात्री तिच्या लेकरांना ऊब देणारी वाकळ मात्र कुणी मोजली नाही.

दुष्काळानंतर दोन बदल आले, आणि त्यांनी वाकळीला धक्का दिला. एक, नायलॉन आणि पॉलिस्टरच्या साड्या. स्वस्त, टिकाऊ, धुवायला सोप्या. बायकांचे कष्ट वाचले, त्यात वाईट काही नाही. पण ते कापड घाम टिपत नाही, टाक्याखाली सरकतं, अंगाला चिकटतं. दोन, बोहारीण. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन ती दारात येऊ लागली. चार जुन्या साड्या द्या, एक पातेलं घ्या. बाईला घरात स्वतःचं म्हणून काही मिळवायची ती एक वाट होती, नवऱ्याला विचारावं लागत नव्हतं. पण जे लुगडं वाकळीत जायचं ते पातेल्यात गेलं. त्यातच बाजारात सोलापूरची चादर होती, मग मऊ ब्लँकेटं आली. वाकळ फळीच्या वरच्या खणात गेली.

मग आलं १९९३. २९ सप्टेंबरला गणपतीचं विसर्जन झालं. ३० तारखेच्या पहाटे, चारला चार मिनिटं कमी असताना, किल्लारीची जमीन हलली. दगड-मातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद, आत झोपलेली माणसं. साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. बावन्न गावं पुरती उद्ध्वस्त झाली आणि दुसरीकडे नव्याने वसवावी लागली. आपल्याकडे घट बसायच्या आधी दसरा काढायची रीत आहे. घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुवायचं. त्या वर्षी दसरा काढायला पंधरवडा राहिला होता. ज्या वाकळी नदीवर जायच्या, त्या ढिगाऱ्याखाली होत्या. त्यांच्याबरोबर त्या शिवणाऱ्या हातांची आठवणही गेली.

त्या दुःखातूनच आपल्या जिल्ह्यातल्या बायका बाहेर पडल्या. घरं पुन्हा बांधायच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांना पुढे आणलं. बायका 'संवाद सहाय्यक' झाल्या. सिमेंट किती, गज किती, हप्ता कधी, हे त्या विचारू लागल्या. नाबार्डने बचत गट बँकेला जोडायची सुरुवात १९९२ला केली होती. महिला आर्थिक विकास महामंडळ तर १९७५पासूनचं. पुढे उमेद आलं. आज आपल्या गटात बसून आपण जे हिशोब करतो, त्याची मुळं या सगळ्यात आहेत.

२००१मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा आपल्या लातूर-उस्मानाबादच्या बायका तिथल्या बायकांना धीर द्यायला, आपला अनुभव सांगायला गेल्या होत्या. त्या कच्छमध्ये सुईची गोष्ट आपल्यापेक्षा वेगळी घडली. १९६९ला तिथे दुष्काळ होता. धाणेटी गावात मदतीसाठी गेलेल्या चंदाबेन श्रॉफ यांनी बघितलं की बायका फुकटचं घ्यायला तयार नाहीत, त्यांना काम हवं आहे. त्यांच्या अंगावरच्या कपड्यांवर सुरेख भरतकाम होतं. चंदाबेननी त्यांना तीस साड्या भरायला दिल्या, मुंबईत विकल्या आणि पैसे बायकांच्या हातात ठेवले. त्यातून 'श्रुजन' ही संस्था उभी राहिली. दुष्काळ दोन्हीकडे होता, सुईही दोन्हीकडे होती. तिथे सुईला मजुरी मिळाली. आपल्याकडे खडीला मिळाली.

बिहारमध्ये मुजफ्फरपूरजवळ भुसुरा गाव आहे. तिथे आपल्या वाकळीची बहीण शोभावी अशी सुजनी शिवतात. १९८०च्या दशकाच्या शेवटी तिथल्या बायकांनी सुजनीवर आपल्या गोष्टी काढायला सुरुवात केली. हुंडा, नवऱ्याची दारू, पोरीची शाळा. २००६ला सुजनीला भौगोलिक मानांकन मिळालं.

तिसरी गोष्ट सातासमुद्रापलीकडची. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामीत कापूस वेचलेल्या काळ्या लोकांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या बायका शेतात घालायचे जुने कपडे जोडून गोधड्या शिवायच्या, थंडीपासून बचाव म्हणून. १९६६ला त्या परिसरातल्या बायकांनी गोधड्या विकायला सहकारी मंडळ काढलं. २००२ला जीज बेंडच्या गोधड्या मोठ्या संग्रहालयांत भिंतीवर लागल्या, २००६ला त्यांची टपाल तिकिटं निघाली. पण २००७ला त्यांतल्या काही बायकांना कोर्टात जावं लागलं. आमच्या गोधड्यांवर आणि नक्षीवर इतरांनी पैसे कमावले, आमच्या वाट्याला नीट आले नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. पुढच्या वर्षी ते प्रकरण तडजोडीने मिटलं. मैत्रिणींनो, ही गोष्ट मी मुद्दाम सांगते. नाव झालं म्हणजे पैसे आपोआप येतात असं नाही. लिहून ठेवावं लागतं.

आता आपल्याकडे बघू. शहरात हातच्या गोधडीला पुन्हा मागणी आली आहे. मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात लोक ती हातात घेतात, गालाला लावून बघतात, आणि विचारतात, "जुन्या कपड्यांची तर आहे, एवढे पैसे कसले?" त्या प्रश्नावर आपण गप्प बसतो, कारण हिशोब आपल्याजवळ नसतो. चला, आज करू.

समजा एक मोठी वाकळ शिवायला रोज अडीच तास बसलं तर तीस दिवस लागले. झाले ७५ तास. म्हणजे आठ तासांचे नऊ दिवस आणि वर थोडं. समजा तुमच्या गावात बाईचा खुरपणीचा रोज ३०० रुपये आहे. त्या भावाने नुसती मजुरी २,८०० रुपयांच्या आसपास जाते. कापड आणि दोरा वेगळा. हीच वाकळ कुणी ८०० रुपयांना मागितली तर तासाला साडेदहा-अकरा रुपये पडले. खुरपायला गेलात तर तुम्ही या भावाने जाल का? मग सुईला का बसायचं?

मशीनवर शिवलेली गोधडी काही तासांत होते. ती स्वस्तच असणार, तिचं गिऱ्हाईक वेगळं. दोन्ही करा, पण दोन्हींची किंमत एका ओळीत लावू नका. आणि ज्या वाकळी लेकीला, नातवाला द्यायच्या त्या तशाच द्या. त्यांना पैशाचं लेबल लावायचं नाही. पण तास त्यांचेही मोजा, म्हणजे घरच्या पुरुषांना कळेल की आईने दुपारी बसल्या बसल्या काय केलं.

पुढच्या बैठकीला दोन कामं करा. पहिलं, प्रत्येकीने घरातली सगळ्यांत जुनी वाकळ घेऊन या. घरातल्या आजीला, आत्याला, मोठ्या जावेला विचारा. शिवणारीचं नाव, तिचं माहेर, अंदाजे साल, वरचं लुगडं कोणाचं. गटाच्या रजिस्टरची मागची पानं कोरीच असतात, तिथे लिहा. आजी लिहू शकत नसेल तर शाळेतल्या पोरीला लिहायला बसवा.

दुसरं, नवी वाकळ शिवाल तेव्हा खालच्या बाजूला, एका कोपऱ्यात, हाताएवढा पांढऱ्या कापडाचा तुकडा लावा. त्यावर दोऱ्यानेच काढा. स्वतःचं नाव, गाव, साल आणि लागलेले तास. नावाचं पहिलं अक्षर मोठं काढा, म्हणजे लांबूनही वाचता येईल.