खमिराची उमर

खमीर, खम्र आणि खिमार हे तीन शब्द अरबीतल्या एकाच धातूपासून आले आहेत. त्या धातूचा मूळ अर्थ झाकणे. खिमार डोके झाकतो. खम्र म्हणजे मद्य, ते अकलेवर पडदा टाकते. खमीर घातलेली कणीक झाकून ठेवावी लागते. मद्य हराम आणि खमिरी रोटी हलाल. एकाच घरातल्या दोन भावंडांबद्दल दोन वेगळे निकाल. तरीही यीस्टचे पाकीट हातात घेतले की ‘यात दारू तर नाही ना?’ हा प्रश्न आपल्या घरांतून अजून विचारला जातो. त्याला हसण्याचे कारण नाही. यीस्ट कणकेतली साखर खाते आणि कर्बवायू व अल्कोहोल दोन्ही तयार करते. वायूमुळे कणीक फुगते, अल्कोहोल भट्टीच्या आचेत बहुतांशी उडून जाते. पण रसायनशास्त्रातले हे उत्तर फार उशिरा आले. त्याआधी शेकडो वर्षे लोक आंबलेल्या पदार्थांचा निवाडा करीतच होते आणि तो करताना पदार्थाच्या नावापेक्षा त्याच्या अवस्थेकडे पाहत होते. तो ताजा आहे की बिघडला, हा त्यांचा पहिला सवाल असे.

सहीह मुस्लिममध्ये इब्न अब्बास (रजि.) यांची एक रिवायत आहे. पैगंबरांसाठी (स.) मनुका पाण्यात भिजवून नबीज केले जाई. ते त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते घेत. त्यानंतर उरलेले स्वतः घेत नसत. अरबस्तानच्या उष्णतेत गोड पाण्याचे मद्य व्हायला किती वेळ लागतो, याचे भान या मुदतीमागे आहे. वस्तू तीच, भांडे तेच. फरक केला तो काळाने.

पुढे शहरे वाढली आणि हा निवाडा घराबाहेर, बाजारात आला. बाराव्या शतकात शाम देशातल्या अल-शैजरीने मुहतसिबासाठी, म्हणजे बाजाराची देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी, एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्यात रोटीवाल्यांचे स्वतंत्र प्रकरण आहे. कणीक पुरती फुगल्याशिवाय भट्टीत घालू देऊ नये, कारण न फुगलेली रोटी तराजूतही जड आणि पोटातही जड, असे तो बजावतो. कणीक मळणाऱ्याने तोंडाला फडके बांधावे, कपाळाला पट्टी बांधावी म्हणजे घाम कणकेत पडणार नाही, आणि दिवसा शेजारी माश्या वारणारा माणूस उभा असावा, इतका बारकावा त्यात आहे. आठशे वर्षांपूर्वीचा हा नियम वाचताना आपल्या आजच्या काही बेकऱ्या डोळ्यांपुढे येतात, पण तो विषय निराळा.

खमीर साठवायचे कसे, हा प्रश्न त्याहूनही जुना. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की द्राक्षाच्या ताज्या रसात बाजरीच्या जातीचे धान्य कालवून केलेले खमीर वर्षभर टिके. गव्हाच्या कोंड्याचे खमीर उन्हात वाळवून ठेवत. रोजच्या कामाला मात्र आदल्या दिवशीच्या कणकेचा राखून ठेवलेला गोळाच असे. नानबाईंची जुनी पद्धतही हीच. गोळा चांगला की गेलेला, हे ठरवायला नाक आणि बोटे पुरत. आंबूस, फळासारखा वास ठीक. कुजकट वास वाईट. आत जाळी धरलेला गोळा जिवंत. गुलाबी किंवा नारिंगी छटा, बुरशी दिसली की टाकून द्यायचा. पातळ खमिरावर राखाडी पाणी सुटले तर ते बिघडलेले नसते, फक्त भुकेले असते. हे ज्ञान उस्तादाकडून शागिर्दाकडे जाई. कागदावर ते क्वचितच उतरले. भटियारे आणि नानबाई यांची इतिहासात नोंद झाली ती जातींच्या याद्यांत. जाणकार म्हणून त्यांची नोंद कोणी केली नाही.

युरोपात हा वाद थेट न्यायालयात गेला. पॅरिसचे बेकरीवाले मऊ पावासाठी बिअरवरचा फेस, म्हणजे यीस्ट, वापरू लागले होते. 1668 मध्ये तिथल्या वैद्यकीय विद्यापीठाने ते आरोग्याला घातक ठरवले. 1670 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने मात्र परवानगी दिली. अट एवढीच, की यीस्ट पॅरिसमध्येच तयार झालेले, ताजे आणि न नासलेले असावे. फ्लँडर्स आणि पिकार्डीहून पोत्यांत येणारा माल वाटेतच सडे, ही खरी अडचण होती. पदार्थावर बंदी नाही, बिघाडावर बंदी. मुहतसिबाला हा निकाल पटला असता.

आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीजांनी पाव आणला. यीस्ट नव्हते, तेव्हा पोदेरांनी माडाच्या सुरेने पीठ फुगवले. सुरेला साठवण नाहीच. सकाळी उतरवलेली सूर काही तासांत चढते आणि पुढे तिची शिर्का होते. तिची मुदत उन्हावर मोजायची. अशा पावाबद्दल मुसलमानांच्या मनात किंतु येणे साहजिक होते. पुढे सुरेची जागा कारखान्यातल्या यीस्टने घेतली आणि तो किंतु बहुधा आपोआप मिटला, कारण हे यीस्ट मद्यातून येत नाही. ते वाढवले जाते साखर कारखान्यातल्या मळीवर. पहिल्या महायुद्धाच्या काळात धान्याची टंचाई झाली, तेव्हा जर्मनीत या पद्धतीने जोर धरला. उसाच्या महाराष्ट्राला मळी काय असते हे सांगायला नको.

यीस्ट सजीव आहे हे 1837 च्या सुमारास फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवले. लीबिगसारख्या मोठ्या रसायनतज्ज्ञाने त्यांची थट्टा केली. 1857 पासूनच्या पाश्चरच्या प्रयोगांनी ती थट्टा बंद पाडली. एकदा ते सजीव ठरल्यावर त्याला जगवायचे कसे, हा कारखानदारांचा प्रश्न झाला. 1868 मध्ये चार्ल्स फ्लाइशमन याने अमेरिकेत दाबून केलेल्या ओल्या यीस्टच्या वड्या विकायला सुरुवात केली. अशा वडीत सुमारे 70 टक्के पाणी असते, म्हणून ती थंडाव्यात दोन-तीन आठवडेच टिकते. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला बर्फाविना टिकणारे यीस्ट हवे होते. त्यातून सुके दाणेदार यीस्ट आले. 1970 च्या दशकात थेट पिठात मिसळता येणारे बारीक यीस्ट निघाले. आज किराणा दुकानात मिळते ते बहुधा हेच.

पाकिटावरची तारीख बंद पाकिटापुरती खरी. पाकीट फोडले की हवा आणि दमट वारा आत शिरतो. कोकणात पावसाळ्यात आणि मराठवाड्यात मे महिन्यात ओट्यावर ठेवलेले यीस्ट तारखेच्या खूप आधी मरते. घट्ट झाकणाच्या कोरड्या बाटलीत, फ्रीजमध्ये ठेवले तर काही महिने चालते. चमचा ओला नसावा. ओली वडी फिकट पिवळसर आणि कटकन तुटणारी असावी. तपकिरी, बुळबुळीत किंवा दुर्गंधी असेल तर गेली. सुक्या यीस्टचे रूप मात्र काही सांगत नाही, मेलेले आणि जिवंत सारखेच दिसते. म्हणून कोमट पाण्यात, बोटाला सुखद लागेल इतक्याच, चिमूटभर साखर टाकून ते भिजवावे. दहा मिनिटांत फेसाची टोपी चढली तर ठीक. पाणी कढत असेल तर चांगले यीस्टही मरते आणि दोष दुकानदाराला लागतो. फेस आला नाही तर दुप्पट घालून भागत नाही. मेलेल्या पेशींतून पाझरणाऱ्या द्रव्याने कणीक ढिली आणि चिकट होते, नान तंदूरच्या भिंतीला नीट धरत नाही. सांदणाचेही तसेच. ईदच्या आदल्या रात्री तांदळाचे पीठ आणि नारळाचे दूध एकत्र करण्यापूर्वी ही दहा मिनिटे काढलेली बरी, त्या वेळी नवे पाकीट आणायला दुकान उघडे असते.