सारवण ते फरशी : जाफराबादच्या अंगणातले तण

अंगणातल्या तणाचा इतिहास शेतातल्या तणाहून वेगळा आहे. शेतात तण पिकाच्या वाट्याचे पाणी आणि खत खाते, म्हणून ते काढावे लागते. अंगणात पीक नसते. तिथे तण वाढते ते जागेचा वापर थांबल्यामुळे, आणि वापराची रीत बदलली की तणाची जातही बदलते. मराठवाड्याच्या उत्तर कडेला, गोदावरीस मिळणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात बुलढाणा जिल्ह्याला लागून असलेल्या जाफराबाद तालुक्यात हा बदल गेल्या शंभर वर्षांत नीट दिसतो. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९८१ रोजी नव्याने झालेल्या जालना जिल्ह्यात गेला.

इथली जमीन गावकरी दोन नावांनी ओळखत आले आहेत. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळी कापसाची कसदार माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांत तणाचे बी खोलवर जाऊन पडते. पांढरी ही गावठाणाची, पिढ्यान्‌पिढ्यांच्या राखेने, चुन्याने आणि पडक्या भिंतींच्या मातीने बनलेली. अंगण या पांढरीवर असे. ती चोपून बसवली की घट्ट होते आणि शेणकाल्याने सारवली की तिच्यावर पापुद्रा धरतो. वाऱ्याने आलेले बी त्या पापुद्र्यावर पडते, पण त्याला मूळ रुजवायला जागा मिळत नाही. सणावारी पूर्ण सारवण, रोज झाडलोट आणि सडा, त्यातच माणसांची, गुरांची आणि कोंबड्यांची दिवसभर ये-जा. अंगण तणमुक्त राहत असे ते एवढ्यावर. तण काढणे असे वेगळे काम त्यात नव्हते. हे सारे कष्ट घरातल्या बायकांचे होते, आणि त्यांची मोजदाद कुठल्याही दप्तरात झाली नाही.

खळे करण्याची रीतही याच ज्ञानावर उभी होती. सुगीआधी जागा खरवडायची, गवताच्या मुळ्या खुरप्याने काढायच्या, पाणी मारून चोपायचे आणि वर शेणकाला फिरवायचा. मग मध्ये तिवडा रोवून बैलांची पात फिरे. मळणी संपेपर्यंत त्या जागेवर गवताची काडी उगवत नसे.

तण उरे ते पाऊल न पडणाऱ्या जागी. न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर लव्हाळा, भिंतीच्या बुडाशी आघाडा, उकिरड्याच्या कडेला माठ आणि तरोटा, परसात हरळी. ही सारी झाडे लोकांच्या ओळखीची होती आणि त्यातली बरीचशी कामाचीही. आषाढ-श्रावणात तरोट्याची कोवळी पाने, तांदूळजा, घोळ, पाथरी भाजीला येत. आघाडा आणि दूर्वा पूजेच्या पत्रीत जात, आणि दूर्वा म्हणजे तीच हरळी, जिच्यावर शेतात वखर चाले. एकदांडीचा रस जखमेला लावत. ही वनस्पती मूळची अमेरिकेतली, पण इतकी रुळली की तिला कोणी परकी म्हणेना. ज्या तणाचा उपयोग होतो ते उपटले जाते, पण समूळ नाहीसे केले जात नाही. जुन्या परसाची ही व्यवस्था शहाणपणाची होती. तण हाताबाहेर जात नसे, कारण कोणी ना कोणी ते खुडायला येई.

मराठवाड्यातल्या जुन्या घरांना तणाची आणखी एक जागा होती, ती म्हणजे माळवद, मातीचे धाबे. लाकडी तुळया आणि किलचणांवर पाला-काडी पसरून तिच्यावर मातीचा जाड थर देत आणि सर्वांत वर खारी किंवा पांढरी माती. पहिल्या पावसानंतर धाब्यावर गवताची हिरवी लव दिसे. ती तशीच ठेवली तर मुळ्या मातीत शिरून भेगा पाडत, आणि त्या भेगांतून श्रावणाच्या झडीत घर गळे. म्हणून मृगाआधी धाब्यावर नवी माती टाकून उतार नीट करणे आणि पावसाच्या उघडिपीत वर चढून गवत उपटणे हे घरपतीचे ठरलेले काम होते. उपटताना मुळासकट माती निघाली तर ती जागा लगेच दाबून बुजवावी लागे. खारी माती निवडण्यात दुहेरी फायदा होता. ती पाण्याने दबून बसते, आणि तिच्यातल्या क्षारामुळे बरेचसे गवत रुजतच नाही.

घरच्या अंगणाबाहेर गावाची सामाईक अंगणे होती. चावडी, वेस, देवळासमोरचे पटांगण, गढीचा चौक. त्यांची झाडलोट आणि गवत काढणे वतनी कामात मोडे, आणि ते महार-मांग समाजातील लोकांवर वेठ म्हणून लादलेले होते. मोबदला बलुत्याच्या धान्यात, तोही देणाऱ्याच्या मर्जीने. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते अशाच बांधील कामातून माणसांना सोडवण्यासाठी. निजामाचा मुलूख त्या कायद्याच्या कक्षेबाहेर होता, वेठ मात्र इथेही होती. स्वच्छ चावडीमागे कोणाचे कष्ट होते हे सांगितल्याशिवाय गावाच्या नेटकेपणाचा इतिहास पुरा होत नाही. शेजारच्या वऱ्हाडात जन्मलेल्या गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) गावात शिरताच स्वतः खराटा हाती घेतला, त्याचे मोठेपण या पार्श्वभूमीवर कळते. जे काम जातीने ठरवून दिले होते ते त्यांनी सगळ्या गावाचे केले. राज्य सरकारने २००० साली सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचेच नाव आहे.

जुन्या बांधकामांना त्रास झाला तो गवतापेक्षा पिंपळाचा. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी दगडांच्या सांध्यात पडते, मुळ्या चुन्यात शिरतात आणि भिंत फाकते. वरून तोडला तरी पिंपळ पुन्हा फुटतो. पिंपळ तोडायला लोक कचरतात, त्यामुळे तो रोप असतानाच काढायचा राहून जातो. मराठवाड्यातल्या कित्येक गढ्या अशाच ढासळल्या.

खरी चिवट तणे तीन : हरळी, लव्हाळा आणि कुंदा. तिघांचेही बळ जमिनीखाली असते. हरळीच्या पेराचा बोटभर तुकडा मातीत राहिला तरी नवे रोप उभे राहते. लव्हाळ्याच्या गाठी माळेसारख्या एकीला एक जोडलेल्या असतात, आणि वरचे पाते उपटले की खालच्या झोपलेल्या गाठी जाग्या होतात. म्हणून नुसते खुरपले की लव्हाळा दाट होतो. कुंदा काळ्या रानाचा. त्याची मुळे इतकी खोल जातात की साध्या लाकडी नांगराने ती निघत नसत, कुदळीने खणून काढावी लागत. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ मध्ये तयार झाला आणि पुढच्या दशकांत दख्खनच्या काळ्या जमिनीत पोचला, तेव्हा बैलांच्या अनेक जोड्या जुंपून खोल नांगरट करता येऊ लागली. उन्हाळ्यात उलटलेली ढेकळे महिना-दीड महिना उन्हात तापली की उघड्या पडलेल्या मुळ्या वाळून जातात. परसातही हीच युक्ती चाले. चैत्रात जागा खणायची, गाठी वेचायच्या आणि माती उन्हाला टाकायची.

घराभोवतीचे एक तण मात्र माणसाने स्वतः लावले होते. फड्या निवडुंग अमेरिकेतून आला आणि दख्खनच्या गावांनी तो कुंपण म्हणून स्वीकारला. बघता बघता त्याची जाळी झाली. आत साप, घाण, आणि तोडून टाकलेला प्रत्येक फडा पुन्हा रुजणारा. त्याला आवर घातला तो एका किड्याने. १७९५ मध्ये भारतात किरमिजी रंगासाठी म्हणून एक कीटक आणला गेला. तो रंगाच्या कामाचा निघाला नाही, पण निवडुंगाची एक जात त्याने फस्त केली. दुसऱ्या जातींवर चालणारा कीटक १९२६ मध्ये श्रीलंकेतून आला आणि काही वर्षांत निवडुंगाची रानेच्या राने वाळली.

किड्याने तण आवरण्याची हीच गोष्ट पुढे गाजर गवताच्या बाबतीत पुन्हा करून पाहिली गेली. काँग्रेस गवत, चटक चांदणी या नावांनीही ओळखले जाणारे हे तण आज जाफराबादच्या प्रत्येक पडीक जागेत आहे. १९५१ मध्ये पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर ते आढळले आणि १९५६ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद छापली गेली. पी. एल. ४८० या अमेरिकन कायद्याखालच्या गव्हातून ते आले असे सर्रास सांगतात, पण त्या कायद्याखालचा भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा आहे, म्हणजे पुण्यात झाड दिसल्यानंतरचा. अमेरिकन धान्य त्याआधी १९५१ च्या मदतीतूनही आले होते. शिवाय कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाच्या १८१४ मधल्या यादीत या तणाचे शास्त्रीय नाव सापडते. धान्याबरोबर बी आले असणे शक्य आहे. मात्र सारा दोष एका करारावर टाकता येत नाही. त्याच्या फैलावाचे कारण त्याच्या अंगातच आहे. एक झाड दहा ते पंचवीस हजार बिया टाकते, ओल असेल तर वर्षभर उगवते आणि महिनाभरात फुलावर येते. रस्ते झाले, ट्रक फिरले, खत आणि वाळू गावोगाव गेली, आणि बी त्यांच्याबरोबर गेले.

जुन्या तणांचा काही ना काही उपयोग होता. गाजर गवताला गुरे तोंड लावत नाहीत. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याने कातडीला खाज सुटते, चट्टे येतात, परागाने दम लागतो. पुण्याच्या डॉक्टरांनी १९६०-७० च्या सुमारास अशा त्वचारोग्यांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. उपटताना हातमोजे किंवा हाताला फडके आवश्यक असते, आणि उपटणे फुलाआधीच व्हावे लागते. फुलावर आलेले झाड उकिरड्यात टाकले तर त्याचे बी शेणखताबरोबर शेतात जाते.

मेक्सिकोतून एक पट्टेदार भुंगा १९८३ मध्ये बंगळूरला आणला गेला आणि पुढच्या वर्षी मोकळा सोडला. तो आणि त्याच्या अळ्या गाजर गवताची पाने आणि शेंडे खातात. परभणीसह राज्यातल्या कृषी विद्यापीठांनी तो गावोगाव सोडण्याचा प्रचार केला. पावसाळ्यात तो झाडांची चाळण करतो. उन्हाळ्यात मातीत सुप्त पडतो आणि नेमके तेव्हा ओलाव्याच्या जागी गवत मोकळे वाढते. निवडुंगाइतके यश त्यामुळे आले नाही. तरोट्याच्या कुळातली झाडे आणि झेंडू दाट पेरल्यास गाजर गवत मागे हटते, हा उपाय अधिक स्वस्त आहे. जबलपूरच्या तण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने दर वर्षी १६ ते २२ ऑगस्टला जागृती सप्ताह होतो.

दरम्यान अंगणच बदलले. माळवदे पत्र्याची आणि स्लॅबची झाली, गोठे आटले, सारवणाच्या जागी शहाबादी फरशी किंवा सिमेंटचा कोबा आला. फरशीच्या सांध्यात धूळ साचते, पावसाचे पाणी मुरते आणि तिथे दुधी, एकदांडी, हरळी उगवते. पूर्वी रोजच्या हातांनी होणारे काम आता वर्षातून एकदा, एकदम आणि औषधाने करायचे ठरते. शेतासाठी आणलेले तणनाशक घरी असतेच. ग्लायफोसेट पानांतून मुळापर्यंत जाते, म्हणून हरळीवर ते पावसाळ्यात, पाने हिरवी आणि वाढती असताना लागू पडते. वाळक्या गवतावर वाया जाते, आणि मातीतल्या बियांवर त्याचा परिणाम होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला संभाव्य कर्कजनक ठरवले. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने कीडनियंत्रण परवानाधारकांखेरीज इतरांनी ते वापरू नये अशी अधिसूचना काढली. लहान मुले रांगतात आणि कोंबड्या टिपतात त्या अंगणात ते फवारणे कधीच योग्य नव्हते. पंधरा-वीस टक्के मिठाचे द्रावण गाजर गवताला जाळते, पण ते पडीक कडेलाच बरे, कारण मीठ त्या मातीत राहते आणि शेजारची तुळसही जाते. सांध्यातल्या तणाला चुलीवरचे उकळते पाणी पुरते. हरळी आणि लव्हाळा मात्र त्याने फक्त वरून करपतात. त्यांच्यासाठी फरशी उचलून खालची माती वीतभर खणावी लागते, गाठी वेचाव्या लागतात आणि मगच सांधे सिमेंटने भरावे लागतात.