बिनब्रेकची शर्यत

१९ फेब्रुवारी १९२८ रोजी लंडनजवळच्या हाय बीच इथं, किंग्ज ओक पबच्या मागच्या ट्रॅकवर, मोटारसायकलींची शर्यत पाहायला हजारोंची झुंबड उडाली. ब्रिटनमध्ये स्पीडवेची सुरुवात तिथूनच मानतात.

चार स्वार, चार फेऱ्या, जेमतेम मिनिटभराचा खेळ. ५०० सीसीच्या गाडीला ब्रेकच नाही! वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरू द्यायचं आणि पोलादी तळाचा डावा बूट जमिनीवर घासत तोल सांभाळायचा. शेवटच्या रांगेपर्यंत धुरळा उडणार, हे ठरलेलंच.

१९३६ची पहिली जागतिक अंतिम फेरी वेम्बलीवर झाली. युद्धानंतर तर स्टेडियमं ओसंडून वाहत. मग जबर करमणूक कर आला, पाठोपाठ टीव्ही.

खरं दुखणं मात्र जागेचं. बहुतेक क्लब भाडेकरू. मालकानं जागा काढून घेतली की गाशा गुंडाळायचा. २०२३मध्ये वुल्व्हरहॅम्प्टन आणि पीटरबरो, दोन्ही ठिकाणच्या शर्यती थांबल्या.

गंमत अशी, की खेळाडूंची वानवा नाही. टाय वॉफिंडन तीनदा जगज्जेता झाला. २०२१ आणि २०२४मध्ये ब्रिटननं सांघिक विजेतेपद मिळवलं, तेही मँचेस्टरच्या नॅशनल स्पीडवे स्टेडियमवर. खास स्पीडवेसाठी बांधलेलं असं दुसरं स्टेडियम उभारायला पैसा कोण घालणार, यावर पुढचं बरंचसं अवलंबून आहे.